रात्री अडीचचा मेल

जयपूरला आल्यावर पहिले सहा महिने माझी सकाळ एकाच मेलने उजाडायची. प्रतापनगरच्या खोलीतून सीतापुऱ्याच्या ऑफिसला निघताना फोन पाहावा, तर रात्री अडीचचा मेल हजर: एपीटीचा कमांड-लाइन इंटरफेस स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. सर्व्हर उबुंटूचा. पॅकेजची यादी रोज रात्री ठरल्या वेळी क्रॉन एपीटीकडून ताजी करवायचा. नेहमीचं आउटपुट मी बंद केलं होतं. पण क्रॉनची खोड अशी, की एक ओळ जरी निसटली तरी ती मेलने घरपोच. खाली पायथनच्या पिपची भुणभुण वेगळीच: नवी आवृत्ती आली आहे, रूट म्हणून चालवू नका.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी पक्का जयपुरी. "आदत डाल लो, भाईसाब," म्हणाला. मी सवय लावून घेण्याऐवजी स्क्रिप्टचं तोंडच बांधलं. एररचा अख्खा प्रवाह डेव्ह-नलमध्ये, म्हणजे विहिरीत. दुसऱ्या दिवशी मेल नाही! त्या खुशीत सगळ्यांना प्याज कचोरी खाऊ घातली.

दोन महिन्यांनी डेटाबेसची एक दुरुस्ती आली. आमच्या सर्व्हरला तिचा पत्ताच नव्हता. कमांड हाताने चालवली तेव्हा ओळ दिसली: डेटाबेसच्या रिपॉझिटरीच्या सहीच्या किल्लीची मुदत संपली आहे, जुनीच यादी वापरतो. गंमत म्हणजे हीसुद्धा 'डब्ल्यू'नेच सुरू होणारी, नुसती वॉर्निंग. वर कमांड शून्य परत करते, म्हणजे सगळं आलबेल! विहिरीत नेमकं हेच पडत होतं.

मग बसून एकेक ओळ वाचली. एपीटी माणसांसाठी, २०१४ साली त्याची १.० आवृत्ती आली. स्क्रिप्टसाठी जुनं एपीटी-गेटच. शब्द बदलला, इशारा गेला. सहा महिने तो तेच सांगत होता, मी वाचत नव्हतो. आवृत्ती तपासू नकोस असं पिपला सांगायला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतो, त्यात १ घातला. रूटबद्दल मात्र पिपचंच बरोबर होतं. पॅकेजेस व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये हलवली. किल्ली नवी आणली, डेव्ह-नल काढून टाकलं.

त्यानंतर बरेच दिवस शांतता. दिवाळीच्या सकाळी मात्र मेल आला, एकच ओळ: डिस्कवर जागा उरली नाही. चिवड्याचा हात शर्टाला पुसला आणि लॅपटॉप उघडला.