आवाजाच्या दोन तारा

खंजिरी भजन रेकॉर्ड करणं अवघड असतं. खंजिरीची थाप एकदम उसळते आणि पुढच्याच क्षणी बुवा आवाज खाली आणून ओळीचा अर्थ सांगू लागतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भाला लावलेली ही गोडी वर्धा जिल्ह्यातल्या भजनी मंडळांनी अजून जपली आहे. थापेच्या आवाजात बाकी सगळं झाकून जातं, पण त्या हळू बोललेल्या ओळीमागे विजेची भुणभुण असेल तर ती लगेच कानाला टोचते. आर्वी, सेलू, देवळी, समुद्रपूर या भागांतली भजनं, कीर्तनं आणि म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या मी कॉम्प्युटरवर उतरवत आलो आहे. लोक मला नेहमी माईक कोणता ते विचारतात. वायर कोणती हे कुणी विचारत नाही. माझा अनुभव मात्र असा, की आवाज नासतो तो बहुतेक वेळा माईक आणि कॉम्प्युटर यांच्या मधल्या वाटेवरच.

आपली वीज ५० हर्ट्झची. भुणभुण ऐकू येते ती याच सुराची आणि त्याच्या १००, १५० अशा पटींची. मंडपात फोकसची वायर, लायटिंगच्या माळा, डिमर आणि जनरेटरची केबल साउंडच्या वायरीला लागूनच पसरलेली असतात. वायरीवरची जाळी, म्हणजे शिल्ड, बरंच काही अडवते, पण विजेचं चुंबकीय क्षेत्र तिच्यातून आरपार जातं. वायर कितीही चांगली घेतली तरी थोडी भुणभुण आत शिरणारच.

अनबॅलन्स्ड वायरीत आवाज एकाच तारेतून जातो आणि त्याची परतीची वाट असते ती जाळीच. जाळी जे गोळा करते तेही आवाजात मिसळतं. बॅलन्स्ड वायरीत जाळीच्या आत दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात, एक हॉट आणि एक कोल्ड. भुणभुण दोन्हींत सारखीच शिरते. पलीकडचं यंत्र फक्त दोन तारांमधला फरक मोजतं. तागडीच्या दोन्ही पारड्यांत सारखंच वजन टाकलं तर काटा हलत नाही, तसं इथे होतं.

कोल्ड तारेवर उलटा आवाज असायलाच हवा, असा पुष्कळ साउंडवाल्यांचा समज आहे. खरं तर गरज असते ती दोन्ही तारांचा अर्थशी असलेला विद्युत अडथळा सारखा असण्याची. काही मिक्सरमध्ये आवाज हॉटवरच सोडतात आणि कोल्डला तेवढ्याच मूल्याचा रेझिस्टर लावून ती अर्थला जोडतात. तरीही भुणभुण तितकीच कटते. म्हणून कॅनन (एक्सएलआर) पिनला डाग देताना मी दोन्ही तारा सारख्याच काळजीने जोडतो. एका तारेचा डाग कच्चा राहिला तरी आवाज येत राहतो, पण समतोल ढळलेला असतो.

दोन तारांची ही युक्ती टेलिफोनवाल्यांची. सुरुवातीचे टेलिफोन तारायंत्रासारखे एकाच तारेवर चालत आणि परतीची वाट जमिनीतून असे. शेजारच्या तारांचे आवाज त्यात घुसत. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये दोन तारांच्या जोडीला पीळ देण्याचं पेटंट घेतलं. सेवाग्राम आश्रमात बापूंच्या दफ्तरात व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या काळात बसवलेला टेलिफोन जपून ठेवला आहे. तो पाहताना मला दरवेळी त्याच्यामागच्या तारा आठवतात. दूरचं बोलणं एका खेड्यात समजेल असं पोचवायचं, तर मधल्या वाटेचा विचार कुणीतरी नीट केलेला असावा लागतो.

कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाशी आलं की हा विचार सुटतो. मागच्या बाजूचं निळं लाइन-इन भोक घ्या. त्यात बसणाऱ्या, हेडफोनला असते तशा छोट्या ईपी पिनेला तीन भाग असतात आणि मिक्सरच्या जाड बॅलन्स्ड पी-३८ पिनेलाही तीनच. जाडी सोडली तर दोन्ही सारख्याच दिसतात. पण ईपीचे तीन भाग म्हणजे डावा, उजवा आणि अर्थ, म्हणजे दोन अनबॅलन्स्ड आवाज. एका मंडळाचा मुलगा कीर्तनाची फाइल घेऊन आला होता. हेडफोनवर महाराजांचा आवाज डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटे, आणि एका स्पीकरच्या मोबाईलवर शब्द गायब होऊन नुसती भुणभुण उरे. मिक्सरचा बॅलन्स्ड आउटपुट तयार स्टिरिओ कॉर्डने थेट लॅपटॉपच्या लाइन-इनला जोडला होता. हॉट डावीकडे गेली, कोल्ड उजवीकडे. मोबाईलने दोन्हींची बेरीज केली, तेव्हा उलटसुलट आवाज एकमेकांत विरला आणि सारखी असलेली भुणभुण दुप्पट झाली. सॉफ्टवेअरमध्ये एक बाजू उलटी केली आणि कीर्तन जसंच्या तसं परत आलं. सगळ्या चुका अशा दुरुस्त होत नाहीत.

दुसरी अडचण अर्थिंगची. मिक्सर जनरेटरवर आणि लॅपटॉपचा चार्जर देवळाच्या प्लगवर असला, की दोन अर्थमधला फरक वायरीच्या जाळीतून वाहू लागतो. चार्जर काढून पाहावा. भुणभुण थांबली तर कारण सापडलं. मे महिन्यात आपली काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी ओतावं. काही जण प्लगची अर्थची पिनच कापून टाकतात. हे कधीही करू नये. गाणाऱ्याचे ओठ माईकच्या धातूच्या जाळीला लागलेले असतात, आणि भुणभुणीपेक्षा जीव मोठा आहे. खरा उपाय म्हणजे मिक्सर आणि लॅपटॉप यांच्या मध्ये १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. त्यात तांब्याची तार इकडून तिकडे जातच नाही. किंवा बॅलन्स्ड इनपुट असलेला यूएसबी इंटरफेस घ्यावा. लेव्हलही पाहावी. स्टुडिओच्या सामानाचा मानक आवाज १.२३ व्होल्टचा आणि घरगुती सामानाचा साधारण ०.३२ व्होल्टचा, म्हणजे जवळजवळ चौपट फरक. मिक्सरचा आउटपुट खाली आणला नाही तर आवाज फाटतो.

सगळीकडे बॅलन्स्डचा आग्रह धरावा, असं मात्र नाही. पेटीवाल्याच्या घरी दीड मीटरची वायर आणि बॅटरीवरचा लॅपटॉप असेल, तर साधी शिल्डेड वायर पुरते. वायर लांबली, वीज दोन ठिकाणची झाली, की मग तडजोड करू नये.

पवनारला विनोबांना समोर बसून ऐकलेली माणसं आता फार म्हातारी झाली आहेत. विनोबा १९८२ मध्ये गेले. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आज्याही गावागावांत थोड्याच उरल्या आहेत. तुमच्या घरात असा आवाज असेल तर तो जरूर रेकॉर्ड करा. पण आधी दोन मिनिटांची चाचणी घ्या, दोन्ही बाजू एकत्र करून ती ऐका, चार्जर काढून पुन्हा ऐका, आणि मगच आजीला म्हणायला सांगा. त्यांना दुसऱ्यांदा म्हणायला लावण्याची संधी आपल्याला मिळेलच असं नाही.