पाऊस किती वाजता पडला?

बोईसरला वारा कुठून वाहतोय हे कळायला यंत्र लागत नाही. औद्योगिक वसाहतीतला उग्र वास खिडकीतून आत आला, की वाऱ्याने तोंड फिरवलं हे शेंबडं पोरही सांगेल. पावसाचं तसं नाही. तारापूरच्या किनाऱ्यावर तो धो धो कोसळतो आणि स्टेशनापाशी नुसते चार शिंतोडे उडवून जातो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. तालुक्याच्या सरासरीवर माझा फारसा विश्वास नाही तो यामुळेच.

म्हणून गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. त्याच्या पोटात दोन खणांची डोलती वाटी असते. एक खण भरला की वाटी कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरा खण धारेखाली येतो. कान लावला तर रिपरिपीतही तिची टकटक ऐकू येते. मृग लागण्याआधी आतलं कोळ्याचं जाळं काढावं लागतं, एरवी तिची काही तक्रार नसते.

ही टकटक रेडिओलहरींवरून घरातल्या गेटवेकडे येते. या इवल्या डबीला दिवसाची, आठवड्याची, महिन्याची, वर्षाची बेरीज तोंडपाठ. पण पाऊस रात्री दोनला आला की पहाटे पाचला, असं विचारलं की ती मूग गिळून बसते. ते लक्षात ठेवायला सॉफ्टवेअर हवं. मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वीडब्ल्यूएक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. जोडणीच्या रीती दोन. गेटवेला आपल्या संगणकाचा पत्ता आणि पोर्ट लिहून द्यायचा, म्हणजे तो स्वतःहून आकडे धाडतो. किंवा सॉफ्टवेअरनेच घडीघडी त्याचं दार वाजवायचं. मला दुसरी रीत पटते. गरज ज्याची, त्याने जावं.

मात्र वीज जाऊन आली की राउटर गेटवेला नवाच पत्ता देऊन मोकळा होतो आणि सॉफ्टवेअर जुन्या दारावर थापा मारत राहतं. तेव्हा राउटरमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवायचा. वीज तर जाणारच. तारापूरला १९६९पासून अणुवीज तयार होते, पण म्हणून वादळी सरीत आमचे दिवे टिकतात असं थोडंच आहे! आणि दिवे जातात नेमके मोठ्या पावसात, म्हणजे वहीतलं रिकामं पानही तेच. त्यामुळे राउटर, गेटवे आणि पाय, तिघांनाही बॅटरीचा आधार दिलाय.

आता दर पाच मिनिटांनी एक ओळ पडते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, सॉफ्टवेअरचा मध्यरात्री. त्यामुळे रोजचे आकडे जुळत नाहीत. ओळी हाताशी असल्या की दिवस हवा तिथे तोडून बेरीज करता येते.

या ओळींचं खरं गिऱ्हाईक निघाले चिंचणीचे एक बागायतदार. त्यांनी संध्याकाळी चिकूवर फवारणी केली होती.

"भाऊ, रात्री किती वाजता आला?"

"पावणेतीनला सुरुवात. जोर चारनंतर."

त्यांनी बोटांवर तास मोजले. "मग औषध बसलं म्हणायचं." जाता जाता दारात थांबले. "पण हा तुमच्या गच्चीवरचा. माझ्या वाडीत कधी आला?"

वाडीत दुसरा मापक लावायचा, तर त्याची रेडिओलहर चिंचणीहून इथवर पोचायची नाही. म्हणजे वाडीतल्या घरात दुसरा गेटवे आला. त्यांच्याकडे वायफाय आहे, बॅटरीची सोय तेवढी बघायची आहे.