बडोद्याला जायचं ठरतंय

यंदा दसऱ्याच्या जेवणाला सगळे एकत्र होतो. श्रीखंडाची वाटी बाजूला सारत सासूबाईंनी जाहीर केलं, "संक्रांतीला मला बडोद्याला न्या." मुलांना गोवा हवा होता, ह्यांना कुठेच जायचं नव्हतं, आणि मला घर आवरायचं होतं. पण ७९ वर्षांच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, तर नाही कोण म्हणणार?

आमच्या आई मूळच्या बडोद्याच्या. दांडिया बाजारात त्यांचं माहेर. साठेक वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या बेळगावात आल्या, तेव्हा त्यांच्या मराठीला गुजरातीचा वास होता आणि कानडीचा एक शब्द येत नव्हता. मी धारवाडची. लग्न होऊन आले तेव्हा माझं उलट, मराठी बोलताना घाम फुटायचा. "मी भाजीवाल्याला आकडे बोटांवर सांगायचे, तू तरी बोलतेस," असं म्हणून त्यांनीच मला सांभाळून घेतलं. एका घरात दोन परक्या गावच्या सुना, असं आमचं नातं.

सहल आखायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. वही घेऊन बसले. बेळगावहून मिरज-पुण्यावरून गुजरातेत जाणाऱ्या थेट गाड्या आहेत. रात्र धरून जवळपास एक दिवसाचा प्रवास. आईंच्या गुडघ्यांमुळे खालचा बर्थ हवाच, म्हणजे आरक्षण सुरू झालं की त्याच दिवशी, ६० दिवस आधी, तिकीट काढायला हवं.

मग काय बघायचं ते. लक्ष्मी विलास राजवाडा १८९० साली पुरा झाला. तिथल्या आवारातल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. आपल्या आजोळच्या देवघरात ज्यांचे छापील कागद फ्रेम करून लावलेले असायचे, त्यांचा हा कर्ता. राजवाडा सोमवारी बंद, हे लाल शाईने लिहिलं. मुलांसाठी कमाटी बाग. तिथे छोटी आगगाडी आणि म्युझियममध्ये इजिप्तची ममी नि देवमाशाचा भला मोठा सांगाडा. ममीचं नाव काढताच गोव्याचा विषय बंद झाला! ह्यांच्यासाठी मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय. मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन राजा झाला, त्याने १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पुढे अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावून वाचनालयांचं जाळं विणलं. सयाजीरावांचं हे काम आठवलं की आईंचा आवाज अजून ताठ होतो.

माझ्यासाठीही एक ओढ निघाली. अब्दुल करीम खाँ तरुणपणी बडोद्याच्या दरबारात गायचे. तिथून निघून पुढे ते मिरजेत राहिले आणि कुंदगोळच्या रामभाऊंना, म्हणजे सवाई गंधर्वांना, त्यांनी शिकवलं. सवाई गंधर्वांकडे गंगूबाई आणि भीमसेन. म्हणजे माझ्या धारवाडच्या गाण्याची एक वाट आईंच्या बडोद्यावरून येते. खाँसाहेबांची लेक जन्मली मिरजेत आणि नाव लावलं हिराबाई बडोदेकर!

खाण्याचं पान आईंनी स्वतः सांगून लिहून घेतलं. शेव-उसळ पहिली. वाटाण्याची पातळ, झणझणीत उसळ, वर मूठभर शेव, कांदा, वेगळी तिखट तरी आणि पाव. आपल्या मिसळीची गुजरातेत दिलेली बहीण म्हणा. मग लीलो चिवडा, म्हणजे बटाटा नि हरभरा डाळीचा ओलसर, आंबटगोड चिवडा. भाकरवडी, दुलीरामचे पेढे. आणि उत्तरायणच्या दिवशी उंधियू नि जिलबी. आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ, एळ्ळु-बेल्ला. तिथे मात्र पहाटेपासून सगळं गाव गच्चीवर पतंग घेऊन. "आमच्या वाड्याच्या गच्चीवरून सुरसागर दिसायचा," आई म्हणाल्या, "तिथे एकदा उभी राहीन, मग झालं."

दुसऱ्याच दिवशी राहण्याचं विचारायला आईंच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, वाडा कधीच गेला. विकला आम्ही. आता तिथे फ्लॅट झालेत. आत्याला सांगायचं धाडस झालं नाही."

ह्यांनी ठरवलं, आत्ताच सांगायचं नाही, तिथे गेल्यावर बघू. मग मी बेत असा आखला की दांडिया बाजार कुठे येणारच नाही. पहिला दिवस राजवाडा, दुसरा कमाटी बाग, तिसरा भाच्याकडे. आईंनी चष्मा लावून कागद वाचला. "यात आमची गल्ली कुठाय गं?" मी म्हटलं, "शेवटच्या दिवशी ठेवलीय." धडधडीत खोटं.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. थोरल्याच्या वेळी मला सातवा महिना होता. धारवाडला अप्पा अत्यवस्थ होते आणि दोन्ही घरांनी मला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आईंनी सगळ्यांचं ऐकलं, आणि सकाळी माझ्याजवळ बसून सगळं सांगितलं. मग स्वतः माझ्यासोबत एसटीने धारवाडला आल्या. अप्पांनी मला ओळखलं, पोटावर हात ठेवला. चार दिवसांनी ते गेले. त्या दिवशी आई गप्प बसल्या असत्या तर?

सकाळी त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. मी खाली बसले आणि सांगून टाकलं. का कोण जाणे, तोंडातून कानडीच आलं, "अत्ते, मने इल्ल." घर नाही राहिलं.

झोपाळा थांबला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "गच्ची पण?" मी मान हलवली.

दोन दिवस बडोद्याचं नाव घरात निघालं नाही. हे माझ्यावर धुसफुसले, "तुला काय घाई होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहल बारगळली असं धरून मी वहीही आत ठेवली.

तिसऱ्या दिवशी आईंनी हाक मारली. "वही आण. तुझा बेत चुकलाय." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तांबेकर वाडा हवाच. चार मजली लाकडी वाडा, आत भिंती भरून जुनी चित्रं, पुरातत्त्व खात्याने जपलेला. "घर कसं असायचं ते पोरांना तिथे दाखवीन." उत्तरायण भाच्याच्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्ट आहे ना विचारून घे. आणि आमची गल्लीही लिही. रिक्षा दोन मिनिटं थांबवायची, मी उतरणार नाही.

"पुन्हा असं काही लपवायचं नाही," एवढंच त्या मला बोलल्या, तेही वहीकडे बघत.

आता नोव्हेंबरात आरक्षण उघडायची वाट बघतेय. भाच्याकडे न्यायला कुंदा सांगून ठेवलाय. गल्लीच्या ओळीपुढे मी वेळ लिहिलेली नाही. ती आईंनी ठरवायची.