३४ टॅब आणि ४ जीबी रॅम

अनुवादाचं काम एका टॅबवर होत नाही. एकीकडे मूळ मजकूर, शेजारी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थचा कोश, मग मराठी विश्वकोश, मेल, आणि एकेका शब्दापायी उघडलेली पानं. गेल्या पावसाळ्यात शेतीवरचं एक पुस्तक हातात होतं, तेव्हा एकदा टॅब मोजले. ३४ भरले.

लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. सकाळी बरा चालायचा. दुपारनंतर अक्षर टाइप करावं आणि ते पडद्यावर उमटायची वाट बघत बसावं. आतून हार्ड डिस्कची करकर ऐकू यायची. रॅम भरली की उरलेला भार डिस्कवर जातो आणि डिस्क रॅमच्या मानाने फारच मंद. दुरुस्तीवाल्याने आत न बघताच सांगितलं, "ताई, नवा घ्या."

त्याच आठवड्यात भाचा आला. म्हणाला, "मावशी, बंद कर ना हे सगळं."

"बंद करू? एका अवजाराचं नाव शोधायला दीड तास गेलाय माझा. पुन्हा कुठे शोधू?"

त्याने शिफ्ट धरून एस्केप दाबलं. ब्राउझरला स्वतःचा टास्क मॅनेजर असतो, हे मला तेव्हा कळलं. कोणत्या टॅबने किती मेमरी अडवलीय ते ओळीने दिसत होतं. ज्याच्यावर माझं पोट चालतं तो कोश पार तळाशी. सगळ्यात वर, ४०० एमबीच्याही पुढे, सकाळी एक बातमी वाचून सोडून दिलेलं पान. त्यावरच्या जाहिराती आणि व्हिडिओ दिवसभर चालूच होते.

ब्राउझर टॅबांसाठी वेगवेगळ्या प्रक्रिया चालवतो. एक पान कोलमडलं तर बाकीची वाचतात, एका साइटला दुसरीच्या माहितीत डोकावता येत नाही. ही सोय मला हवीच आहे, पण तिला मेमरी लागते. म्हणून न वापरलेले टॅब झोपवायचे. क्रोममध्ये 'मेमरी सेव्हर' २०२२च्या अखेरीस आलं, एजमध्ये झोपणारे टॅब २०२१पासून आहेत. सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' उघडून एक बटण चालू करायचं, एवढंच. क्रोममध्ये टॅबचं नाव वर तसंच राहतं, मेमरी मोकळी होते, क्लिक केलं की पान पुन्हा लोड होतं. गाणं वाजत असेल, डाउनलोड चालू असेल किंवा फॉर्म अर्धा भरलेला असेल, तर क्रोम सहसा तो टॅब झोपवत नाही.

तरी एकदा फटका बसलाच. एका संस्थेच्या साइटवर थेट तिथल्याच चौकटीत दोन परिच्छेद लिहिले होते. चहा, फोन, दुसरं काम. परत आले तर पान नव्याने लोड झालं आणि चौकट कोरी. ते दोन परिच्छेद पुन्हा तसे उतरले नाहीत, याची हळहळ अजून आहे. दुसरी अडचण विजेची. वीज गेली की राउटर बंद, आणि झोपलेला टॅब नेटशिवाय उठत नाही. आता मी आधी फाइलमध्ये लिहिते, कोश आणि विश्वकोश 'नेहमी जागे ठेवा' या यादीत घातलेत, आणि अगदी लागणारं पान सरळ पीडीएफ करून ठेवते.

पुस्तक त्याच लॅपटॉपवर पुरं झालं. करकर जवळजवळ थांबली आहे. तुमचाही लॅपटॉप दुपारनंतर रखडत असेल, तर नव्याचे पैसे मोजण्याआधी एकदा शिफ्ट आणि एस्केप दाबून ती यादी बघाच.