पोळलेल्या तोंडाची साक्ष

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही म्हण आपण सावधपणासाठी वापरतो, पण मला ती आठवणीबद्दलचीही वाटते. दूध कोणत्या दिवशी पोळलं, पेला कोणाच्या घरचा, शेजारी कोण होतं, यातलं काहीच म्हण सांगत नाही. पोळल्याचं तेवढं तोंडाला ठाऊक आहे. 27 सप्टेंबर 2018 रोजी अमेरिकी सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे ख्रिस्टीन ब्लेसी फोर्ड यांना बरेचसे प्रश्न पेल्याबद्दलच विचारले गेले. 1982च्या उन्हाळ्यातलं ते घर कोणाचं होतं, तिथून परत कोणी नेलं, हे त्यांना सांगता आलं नाही. पण सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलं गेलेल्या ब्रेट कॅव्हनॉ यांनी तेव्हा आपल्याला पलंगावर दाबून धरलं, तोंडावर हात ठेवला आणि ते व त्यांचा मित्र हसत होते, हे त्यांनी ठाम सांगितलं. कॅव्हनॉ यांनी तितक्याच ठामपणे सगळं नाकारलं आणि सिनेटच्या 50 विरुद्ध 48 मतांनी ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

फोर्ड या मानसशास्त्राच्या प्राध्यापक, संख्याशास्त्र शिकवणाऱ्या. इतकी खात्री कशी, असं विचारल्यावर त्यांनी मेंदूतली रसायनं आणि आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस यांच्या भाषेत उत्तर दिलं. भीतीच्या क्षणी लक्ष आक्रसतं. गाभा कोरला जातो, कडा निसटतात. म्हणून आठवणीतल्या फटी हा खोटेपणाचा पुरावा ठरत नाही. हे मला पटतं, आणि त्या दिवशी ते पुरेसं ऐकलं गेलं नाही याचं दुःखही होतं. पण खात्रीने सांगितलेली आठवणही चुकू शकते, हा आक्षेपही पोकळ नाही. 1986 साली चॅलेंजर अंतराळयान कोसळल्याची बातमी आपण कुठे, कशी ऐकली हे मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लगेच लिहून घेतलं. काही वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हा कित्येकांनी वेगळंच सांगितलं, तेही पूर्ण विश्वासाने. यावर म्हणता येईल की बातमी ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या अंगावर बेतणं वेगळं. शिवाय ओळखीचा चेहरा अनोळखी चेहऱ्याइतका सहज चुकत नाही. उत्तर वजनदार आहे. तरी म्हणीचा उरलेला अर्धा भाग मला सोडत नाही: ताक गरम नसतंच. पोळणं खरं, आणि तरीही फुंकर चुकीच्या पेल्यावर पडू शकते.

मग वाटतं, शास्त्राने तिथे नेमकं काय केलं? संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना हे आपल्यापेक्षा नीट ठाऊक असणार की शेकडो माणसांच्या सरासरीतून एका खोलीतल्या एका संध्याकाळचा निकाल लागत नाही. फटी का राहतात हे शास्त्र सांगतं. त्या फटींत काय होतं हे सांगत नाही. आयुष्यभर इतरांची दुखणी आकड्यांत मांडलेल्या व्यक्तीने स्वतःचं दुखणंही त्याच भाषेत मांडलं, तेव्हा त्या भाषेने त्यांना आधार दिला, की ऐकणाऱ्यांना त्या हसण्यापासून लांब उभं राहायची सोय करून दिली? आधार दिला, असं मी आधी समजून चाललो होतो. आता तेवढं खात्रीने म्हणवत नाही.