यंत्राचा श्वास

आषाढात मावळातल्या कुठल्याही घरातला पापडाचा डबा उघडून बघा. झाकण घट्ट असतं, वरून पाण्याचा थेंब पडलेला नसतो, तरी पापड सादळलेला. अशा वेळी माझी आई डब्याला दोष देत नसे. ती विचारायची, "डबा किती वेळा उघडलात?" पाण्यात चालणारे ॲक्च्युएटर निवडण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या धंद्यात मला आता वीसेक वर्षं होतील. या धंद्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच निघाला. पण तो कळण्याआधी मी एक यंत्र बुडवलं.

लिनिअर ॲक्च्युएटर हे नाव भारदस्त आहे, आतला कारभार साधा. मोटर फिरते, गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतात, मळसूत्र फिरतं आणि त्याच्या आट्यांवर बसलेला नट दांड्याला पुढे-मागे सरकवतो. इस्पितळातली खाट डोक्याकडून वर उचलली जाते ती याच्यावर. धरणाच्या मोरीचं दार चाक फिरवून उचलणारा माणूसही हेच करतो, फक्त मोटरच्या जागी त्याचे दंड असतात.

माझं वर्कशॉप तळेगावला. एक लेथ, एक ड्रिल, दोन मुलं आणि दर शनिवारी लोणावळ्याहून लोकलने येणारे चीफ. चीफ म्हणजे नौदलातून निवृत्त झालेले चीफ आर्टिफिसर. आयएनएस शिवाजीत शिकले, उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आणि शेवटी पुन्हा लोणावळ्यातच घर केलं. नौदलाची सागरी अभियांत्रिकी शिकवणारी ही संस्था १९४५ सालच्या फेब्रुवारीत सुरू झाली, तीही समुद्रापासून सहाशे मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या धुक्यात. भुशी धरणाच्या रस्त्याला लागलेल्या पर्यटकांना त्या फाटकापाशी नवल वाटतं : इथे कुठलं जहाज? मी एकदा चीफना तेच विचारलं. ते म्हणाले, "अरे, गंज शिकायला याच्यासारखी जागा नाही. समुद्रावर मीठ तरी दिसतं. इथे काहीच दिसत नाही आणि सगळं गंजतं."

ज्या कामात मी यंत्र बुडवलं, ते पवना धरणाच्या पाण्यावरचं होतं. तराफ्याखाली तीन मीटरवर एक कॅमेरा लावायचा आणि तो वर-खाली झुकवायचा. दोनशे मिलिमीटर स्ट्रोकचा, वीस मिलिमीटर दांड्याचा चोवीस व्होल्टचा ॲक्च्युएटर मी निवडला. धूळ-पाणी आत जात नाही असं सांगणारा आयपी ६८ चा शिक्का त्यावर होता. तरी खात्री म्हणून वर्कशॉपच्या टाकीत चोवीस तास बुडवून ठेवला. बाहेर काढून उघडला, आत ठेवलेला टिपकागद कोरडा. मी निर्धास्त झालो.

अकराव्या दिवशी फोन आला. दांडा हलत नाही, फ्यूज उडतोय. यंत्र तळेगावला आणून टेबलावर उभं केलं आणि मागचं झाकण काढलं. वाटीभर पाणी निघालं, दुधाच्या चहाच्या रंगाचं. ग्रीस पाण्यात घुसळून लोण्यासारखं फेसाळलेलं, मोटरचे कार्बन ब्रश चिखलात. बाहेरून मात्र एक ओरखडा नाही, ओ-रिंग अखंड, सील नवं कोरं. मी दीड तास भिंग घेऊन फट शोधत होतो. चीफ चहा पीत बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "हे पाणी आत कुणी ढकललं, का यानेच ओढलं?"

मग आम्ही कागद घेऊन बसलो. दांडा आत असताना यंत्रात अंदाजे तीनशे घनसेंटिमीटर हवा. दांडा दोनशे मिलिमीटर बाहेर गेला की त्याने सोडलेली त्रेसष्ट घनसेंटिमीटर जागा त्याच हवेला भरावी लागते. हवा विरळ होते, आतला दाब जवळजवळ सहाव्या हिश्शाने पडतो. त्यात दुरुस्तीसाठी तराफ्यावर काढलेलं यंत्र दुपारच्या उन्हात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापायचं आणि तसंच पंचवीस अंशांच्या पाण्यात सोडलं जायचं. हवा आकसून आणखी सहा टक्के दाब कमी. म्हणजे आत पाऊण वातावरणाएवढा दाब आणि बाहेर, तीन मीटर पाण्याखाली, एक पूर्णांक तीन. दर झुकण्यागणिक यंत्र श्वास घेत होतं, आणि त्याच्या नाकाशी हवा नव्हती, पवनेचं पाणी होतं.

टाकीत हे कळलं नाही, कारण टाकीत मी त्याला नुसतं झोपवलं होतं. दांडा एकदाही हलवला नव्हता. आयपीच्या मानकातही पाण्यात बुडवण्याची जी साधी चाचणी आहे, एक मीटर खोल, तीस मिनिटं, तिच्यात यंत्र आणि पाणी यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक नसावा अशी अट असते. पाणी गोडं असतं. शिक्का खोटा नव्हता. मी त्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर समजून बसलो होतो.

दुसरी चूक सीलच्या ओठात होती. दांड्याभोवतीचं सील कापून बघितलं तर आडवा छेद इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो. त्याचं तोंड ज्या बाजूला, त्या बाजूने दाब आला की ओठ फाकतात आणि दांड्याला घट्ट धरतात. उलट बाजूने दाब आला की ते मिटतात आणि वाट देतात. वाऱ्याकडे पाठ केलेली छत्री जशी मिटते, तसंच. माझ्या यंत्रातल्या सीलचं तोंड आत होतं. कारखान्याने ते ग्रीस बाहेर येऊ नये म्हणून बसवलेलं, आणि शेतात किंवा कारखान्यात ते अगदी बरोबर होतं. पाण्याखाली दोन सील हवीत, पाठीला पाठ लावून, एक आतल्यासाठी आणि एक बाहेरच्यासाठी. आता कुठलंही यंत्र घेताना मी सीलचा छेद दाखवणारं चित्र मागतो. जो पुरवठादार ते देत नाही, त्याच्याकडून पाण्यासाठी घेत नाही.

खोली म्हणजे काय हे मावळच्या माणसाला समजावणं सोपं आहे. वळवणच्या तलावाचं पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरतं, तिथे १९१५ पासून टाटांचं वीजघर चालू आहे. उतार पाचशे मीटरच्या वर. दर दहा मीटरला एक वातावरण या हिशेबाने त्या नळांच्या तळाशी पन्नास वातावरणांचा दाब असतो, समुद्रात पाचशे मीटर खाली असतो तेवढाच. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर हा दाब अडीचशे किलोच्या आसपास भार टाकतो आणि त्याला आत ढकलतो. म्हणजे काम सुरू करण्याआधीच यंत्र अडीच पोती तांदूळ उचलून उभं असतं. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था 'मत्स्य ६०००' ही तीन माणसांची पाणबुडी सहा हजार मीटरसाठी बांधते आहे. त्या खोलीला याच दांड्यावर तीन टनांच्या जवळ भार येईल.

म्हणून खोल पाण्यातल्या यंत्रात हवा ठेवतच नाहीत. आत वीजरोधक तेल भरतात आणि एका रबरी पिशवीतून बाहेरचा दाब त्या तेलाला पोचवतात. आत-बाहेर दाब सारखा, मग ओढाओढ संपली. पण तेलाचीही कटकट असते. ब्रशची मोटर तेलात नीट चालत नाही, ब्रशलेस घ्यावी लागते. सर्किटवरचे काही कपॅसिटर आतून पोकळ असतात, ते दाबाने चेपतात. आणि पवनेसारख्या पाण्यात तर पहिला विचार गळतीचा, कारण हेच पाणी नदीने रावेतला जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. तिथे तेल भरायचंच झालं तर खाद्यपदार्थांच्या यंत्रात चालणारं पांढरं तेल, दुसरं नाही.

धातूंबाबत चीफ आणि माझी एकदा चांगलीच जुंपली. नौदलाच्या सवयीने त्यांनी पवनेच्या यंत्राला जस्ताची वडी लावायला सांगितली. समुद्रात जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवतं. गोड्या पाण्यात मात्र त्याच्यावर पापुद्रा धरतो आणि ते नुसतं बसून राहतं. तिथे मॅग्नेशियम लागतं. सहा महिन्यांनी वडी जशीच्या तशी निघाली तेव्हा चीफ हसून म्हणाले, "पगार घेतला, काम नाही केलं." उलट अलिबागच्या एका कामात मी ३०४ पोलादाचे बोल्ट वापरले आणि पहिला पावसाळा उलटायच्या आत ते तांबडे झाले. समुद्रासाठी किमान ३१६ हवं, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. तेही सीलच्या आत, ओ-रिंगच्या खाचेत, खड्डे पडून खराब होतं. कारण ऐकण्यासारखं आहे : स्टेनलेस पोलादाला वाचवणारा पातळ थर प्राणवायूवर जगतो, आणि सीलखालच्या साचलेल्या पाण्यात तो मिळत नाही. यंत्राच्या पोटातली हवा श्वास घेते म्हणून ते मरतं, आणि त्याची कातडी गुदमरते म्हणूनही मरतं.

केबलचंही तसंच. बाहेरचं आवरण कुठे चिरलं, तर तारेच्या बारीक पदरांमधून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं दहा-दहा मीटर सरकतं आणि थेट मोटरमध्ये उतरतं. आतला दाब कमी असेल तर यंत्र ते नळीने ओढावं तसं ओढतं. पदरांमधली जागा भरलेली केबल महाग पडते. नवीन मोटर त्याहून महाग पडते.

मळसूत्राच्या निवडीत मात्र मी जुन्या बाजूचा. बॉल स्क्रूत नव्वद टक्क्यांच्या आसपास जोर दांड्यापर्यंत पोचतो, साध्या समलंब आट्यांत निम्म्याहूनही कमी. पण वीज गेली की बॉल स्क्रू भाराखाली मागे घसरतो, त्याला ब्रेक लागतो. साधे आटे घर्षणामुळे जिथल्या तिथे धरून ठेवतात. मावळात पावसाळ्यात वीज जाते, आणि नेमकी तेव्हाच मोऱ्यांची दारं जागेवर राहायला हवीत.

पवनेचं काम शेवटी कसं सुटलं? नवीन यंत्र मागवण्याआधी चीफनी मला एका जुन्या धरणाच्या भिंतीवर नेलं. मोरीचं दार खाली गाळात, आणि चाक, गिअर, ग्रीस सगळं वर कोरड्या जागी. पाण्यात उतरलेला होता तो फक्त दांडा. वीजघरातल्या पेल्टन चाकाच्या जुन्या रचनेतही असंच असतं : दाबाच्या पाण्यात फक्त झोत आवरणारी सुई आणि तिचा दांडा, तिला हलवणारं यंत्र बाहेर. त्या लोकांकडे आयपीचे शिक्के नव्हते. त्यांनी जे भिजायची गरज नाही ते भिजवलं नाही, एवढंच.

आम्ही ॲक्च्युएटर तराफ्यावर उचलला, सावलीत, दांड्याचं तोंड खाली करून. पाण्यात साडेतीन मीटरचा लांब दांडा, दोन प्लॅस्टिकचे बुश आणि एक ब्रॉन्झची पिन. शंभर रुपयांचा बुश दर वर्षी बदलतो. यंदाचा चौथा पावसाळा.

माझ्या ऑर्डरच्या कागदावर पूर्वी पहिला रकाना भाराचा होता, दुसरा स्ट्रोकचा, तिसरा आयपीचा. आता पहिला रकाना आहे : हे यंत्र पाण्याबाहेर ठेवता येईल का? दुसरा : दांडा दिवसातून किती वेळा हलणार? आयपी सगळ्यात खाली आहे. दहातल्या सहा-सात गिऱ्हाइकांचं काम पहिल्याच रकान्यावर संपतं. माझा धंदा त्याने थोडा कमी झाला, पण परत आलेलं, वाटीभर पाणी पोटात असलेलं यंत्र त्यानंतर माझ्या टेबलावर आलेलं नाही.