मुक्या गिऱ्हाइकासाठी दिवा

लग्नसराई आटोपली की फोटोवाल्याचे हात रिकामे होतात. पावसाळ्याचे चार महिने पासपोर्ट फोटो, शाळेची ओळखपत्रे आणि झेरॉक्स यांवर दुकान रेटावे लागते. आम्ही दोघे नवरा-बायको कल्याण पूर्वेला गेली बावीस वर्षे हाच धंदा करतो. लग्नात एक जण कॅमेरा धरतो, दुसरा दिवा. कोणी काय धरायचे यावरून घरात होणारी भांडणे वेगळी. आता ओळखपत्राचे फोटोही लोक मोबाईलवर काढू लागले आहेत. अशा मंदीत कुत्र्यांचे फोटो काढण्याचे काम आमच्याकडे चालून आले आणि त्यासाठी कोणता दिवा घ्यावा, हा विषय आमच्या घरात दोन महिने पुरला. ज्या घरांतली मुले कॅमेरा हाताशी धरून चार पैसे मिळवू पाहतात, त्यांना हे उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

कुत्र्याचा फोटो म्हणजे बंगलेवाल्यांची हौस, असे कोणी म्हणेल. बाबासाहेबांचा राजगृहात कुटुंबासह काढलेला १९३४ सालचा फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. त्यात रमाई आहेत, यशवंतराव, मुकुंदराव, लक्ष्मीबाई आहेत आणि टॉबी नावाचा कुत्राही आहे. घरच्यांच्या फोटोत तोही घरचाच.

आमच्याकडे हे काम आणले ते पालिकेत सफाई कामगार असलेल्या एका मावशींनी. त्यांचा राजा तेरा वर्षांचा, गावठी, नखापासून शेपटीपर्यंत काळा. डॉक्टरांनी मूत्रपिंडे गेल्याचे सांगितले होते. मावशी म्हणाल्या, "याचा एक चांगला फोटो निघतो का हो? मोबाईलमध्ये नुसते दोन डोळेच चमकतात, बाकी सगळा अंधार." राजा दुकानापर्यंत चालू शकत नव्हता. दुकानातले मोठे दिवे विजेच्या प्लगवर चालणारे. ते मावशींच्या गल्लीत न्यायचे तर कोणाच्या तरी घरातून वायर ओढायची, आणि वायरीवरून पोरे अडखळणार. म्हणजे बॅटरीवर चालणारा, पिशवीत मावणारा दिवा हवा. लग्नातला जुना फ्लॅश होता, पण तो चार पेन्सिल सेलवर चालणारा. पूर्ण ताकदीने एकदा उडाला की पुन्हा भरायला चार-पाच सेकंद घेतो. नवरा-नवरी तेवढा वेळ हार धरून उभी राहतात. कुत्रा राहत नाही. त्याने मान तिरकी करून कान टवकारले, तो क्षण गेला की गेला.

आधी आमच्या मनात आले, फ्लॅश कशाला, सतत पेटणारा एलईडी दिवा घेऊ. तो लखलखत नाही, जनावर दचकत नाही, शिवाय व्हिडिओलाही कामी येतो. पण हाताने उचलता येईल एवढा एलईडी दिवसाउजेडी फिका पडतो, आणि कमी उजेडात कॅमेऱ्याला जास्त वेळ उघडे राहावे लागते, त्यात हललेले शेपूट पुसल्यासारखे दिसते. फ्लॅशचे तसे नाही. तो कमी ताकदीवर ठेवला तर त्याचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. तेवढ्यात मिशीचा केसही हलत नाही. म्हणून फ्लॅशच, हे ठरले.

राहिला प्रश्न केवढा घ्यायचा. बाजारात सध्या दोन प्रकार जास्त चालतात. एक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा, पण लिथियम बॅटरीचा. उदाहरणार्थ गोडॉक्सचा व्ही-१, ताकद ७६ वॉट-सेकंद. दुसरा विटेएवढा, स्टँडवर लावायचा. त्याच कंपनीचा एडी-२००, ताकद २०० वॉट-सेकंद, आणि एका चार्जिंगवर पूर्ण ताकदीने सुमारे ५०० वेळा उडणारा. याहून मोठेही आहेत, पण ते खांद्याला लावून लोकलमधून नेण्याचे नाहीत. कंपनी कोणतीही घ्या, तिचा ट्रिगर आपल्या कॅमेऱ्याला चालतो का ते आधी पाहा. निकॉनचा ट्रिगर कॅननच्या कामाचा नाही.

दुकानदार नेहमी मोठा आकडा दाखवतो. खरे तर कुत्रा लहान असतो आणि दिवा त्याच्याजवळ नेता येतो. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो. म्हणजे सहा फुटांवरचा दिवा तीन फुटांवर आणला तर तोच दिवा चौपट मोठा झाला. एवढे समजले की निम्मा खर्च वाचतो. संध्याकाळी अंगणात फोटो काढायचे असतील तर छोट्या फ्लॅशवर भागते. आम्ही तरीही २०० चा घेतला, त्याची कारणे दोन. आमची गिऱ्हाइके सुट्टीच्या दिवशी भर दुपारी मोकळी असतात आणि उन्हाशी झुंजायला ताकद लागते. दुसरे असे की मोठा दिवा पाव ताकदीवर चालवला तर तो पापणी लवते न लवते तोच पुन्हा तयार होतो. छोट्याला तेवढ्याच उजेडासाठी जीव तोडून पळावे लागते.

रक्कम पाच आकडी होती. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नाही, हे आमचे आधीच ठरले होते. म्हणून पहिल्यांदा दोन्ही प्रकारचे दिवे मुंबईहून दोन दिवसांच्या भाड्याने आणले आणि वस्तीतल्या तीन कुत्र्यांवर वापरून पाहिले. खरेदीआधी भाड्याने आणा, हे आम्ही सर्वांना सांगतो. कागदावरचे आकडे कुत्रा वाचत नाही.

त्या दोन दिवसांत जे कळले ते कुठल्याही दुकानदाराने सांगितले नव्हते. फ्लॅश तयार झाला की 'पीं' असा आवाज करतो. आपल्याला तो क्षुल्लक, पण कुत्र्याचे कान आपल्याहून कितीतरी तिखट. आपल्याला ऐकूच येत नाहीत असे बारीक आवाजही त्याला ऐकू येतात. पहिल्या पींला एका कुत्र्याने कान मागे टाकले, ते तासभर पुढे आणले नाहीत. म्हणून ज्या दिव्याचा आवाज बंद करता येतो तोच घ्यावा, आणि फोटोला जाण्याआधी तो बंद करावा.

स्टँडची गोष्ट याहून जड आहे. रस्त्यावर वाढलेला कुत्रा उभा खांब आणि उचललेला हात पाहिला की काठी समजतो. तो फ्लॅशला भीत नाही, काठीला भितो. छत्री फटकन उघडली की तर पळूनच जातो. म्हणून आम्ही छत्री बाद केली. दोन फुटांचा कापडी सॉफ्टबॉक्स घेतला, तो घरूनच जोडून नेतो, आणि कुत्रा येण्याआधी स्टँड लावून ठेवतो, तोही बुटका. मग कुत्र्याला सगळे हुंगू देतो. सुरुवात सर्वांत कमी ताकदीवर, दिवा त्याच्याकडे न वळवता. एक लखलखाट, एक बिस्कीट. अंगाला अंग चोरणारा असेल तर फ्लॅश बंद आणि सावलीतला उजेड पुरे. फेफरे येणाऱ्या कुत्र्यावर आणि नुकतेच डोळे उघडलेल्या पिल्लांवर आम्ही फ्लॅश मारत नाही. पैसे बुडाले तरी चालतील.

आता काळ्या रंगाविषयी. ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते हेच. कॅमेऱ्याच्या डोक्यावरून सरळ फ्लॅश मारला की कुत्र्याचे डोळे हिरवे-पिवळे पेटतात. त्याच्या डोळ्याच्या मागे आरशासारखा एक पडदा असतो, तो उजेड आला तसा परत फेकतो. दिवा बाजूला नेला की ही भुताटकी संपते. दुसरे, कॅमेरा आपोआप मोजायला ठेवला तर काळे पाहून त्याला वाटते अंधार आहे. मग तो जास्त उजेड ओततो आणि काळा कुत्रा राखाडी, मागची भिंत पांढरीफटक होते. हा मोजमापाचा दोष आहे, कुत्र्याच्या रंगाचा नाही. उजेड हाताने ठरवायचा. मोठा मऊ दिवा एका बाजूला, किंचित पुढे. आणि जुना सेलवाला फ्लॅश मागच्या अंगाने, अगदी मंद. मग काळ्या केसांवर एकेक लकेर उमटते. कान कुठे संपतो, मान कुठे सुरू होते, गालावरचे पांढरे झालेले केस किती, सगळे दिसते. काळ्यात किती रंग असतात ते तेव्हा कळते.

राजाचा फोटो मावशींच्या दारात, पायरीवर काढला. तो उठला नाही, त्याला उठवलेही नाही. दिवा जमिनीपासून दोन फुटांवर आणि आम्ही पोटावर आडवे. अकरा फोटो झाले तेव्हा त्याने मान टाकली, तिथेच थांबलो. आठ बाय बारा इंचांचा फोटो मावशींनी स्वतः निवडला, मान तिरकी असलेला. राजाला पुढची दिवाळी दिसली नाही. फोटो पाहून नात म्हणाली, "आजी, राजाची भुवई पांढरी होती?" मावशी म्हणाल्या, "होती ना. आपण पाहिली नव्हती."

त्यानंतर दर महिन्याला दोन-चार कामे येतात. भटक्या कुत्र्यांना घर मिळवून देणारी पोरे काळी पिल्ले घेऊन येतात, कारण मोबाईलवरच्या फोटोत ती दिसतच नाहीत, आणि न दिसणाऱ्याला घरी नेणार कोण? त्यांच्याकडून आम्ही फक्त प्रिंटचा खर्च घेतो.

पावसाळ्यात दिवा हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवतो आणि बॅटरी अर्धी भरलेली ठेवतो. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर ती लवकर मरते. दुसरी बॅटरी घ्यावी असे घरातल्या एकाचे म्हणणे आहे. पण पाचशे वेळा उजेड पडेपर्यंत एका जागी बसणारा कुत्रा अजून आम्हाला भेटलेला नाही, म्हणून ती खरेदी तूर्त थांबवली आहे.